भाऊजींची मोलकरीण

एका सिनेमावर माणसाचं अख्खं आयुष्य निघतं यावर ज्यांचा विश्वास नसेल, त्यांनी आमच्या भाऊजींना एकदा भेटावं. तुम्हीआम्ही ढिगानं सिनेमे बघतो आणि चपला घालेपर्यंत विसरतो. भाऊजींनी जन्मात एकच सिनेमा मन लावून बघितला आणि मग तोच बघत राहिले. तोही स्पॅनिश, तोही ब्लॅक अँड व्हाइट, तोही गाण्यांनी खच्चून भरलेला. आणि त्याची नायिका कोण, तर समुद्रापलीकडे धुणीभांडी करायला गेलेली एक खेडवळ पोरगी. बघणारा गृहस्थ मात्र रसायनशास्त्रातला डॉक्टर, जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या त्या अवाढव्य कारखान्यात कसल्याशा रंगांवर काम करणारा. रंगांवर पोट आणि काळ्यापांढऱ्यावर जीव, असा सगळा मामला.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे आतेभाऊ. ह्यांच्याहून धाकटे, म्हणून मी त्यांची वहिनी. डॉक्टरेट करायला इकडे आले तेव्हा खिशाला परवडणारी करमणूक म्हणून त्यांनी श्पेर्म्युलमधून एक डीव्हीडी प्लेयर उचलून आणला. श्पेर्म्युल म्हणजे घरातलं नको झालेलं जडशीळ सामान. इथं लोक ते ठरल्या दिवशी फुटपाथवर मांडून ठेवतात आणि नवी आलेली आपली मुलं त्यातून संसार उभे करतात. (आमचा पहिला सोफा तिथलाच, पण ते असो.) तर त्या प्लेयरच्या पोटात एक तबकडी अडकलेली होती. बटण दाबलं की तो घुर्र करायचा, कण्हायचा, पण तबकडी काही बाहेर द्यायचा नाही. एखादा शहाणा माणूस तो परत फुटपाथवर ठेवून आला असता. भाऊजी म्हणाले, "आत आहे ते काय आहे ते तर बघू," आणि रविवारी बघायला बसले. जर्मनीतला रविवार ज्यांनी काढलेला नाही त्यांना यातलं गांभीर्य कळायचं नाही. दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, व्हॅक्यूम लावायचा नाही, न विचारता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. असे रविवारामागून रविवार त्या एकट्या माणसानं त्या मोलकरणीच्या सोबतीनं काढले.

पुढं नोकरी लागली, घरात भिंतभर टीव्ही आला, पण त्या नव्या टीव्हीला प्लेयरची जुनी रुंद पिन बसेना. आमचा टीव्ही जुनाट, त्याला मात्र बसली. झालं! भाऊजी प्लेयर काखोटीला मारून आमच्याकडे आले, टीव्हीखाली त्याची प्राणप्रतिष्ठा केली, आणि तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवायला आमच्याकडे. मला म्हणाले, "वहिनी, तुमची अडचण तर नाही ना? आम्ही दोघंच असतो." मला क्षणभर कळेचना, हा दुसरा कोण. मग टीव्हीत ती पोरगी जहाजातून उतरली, सुतळीनं बांधलेलं पुठ्ठ्याचं खोकं हातात आणि काखेत जिवंत कोंबडी, आणि मला सगळा उलगडा झाला.

खोटं कशाला बोलू, पोरगी गोड आहे. गावातून मोठ्या शहरात येते, मोठ्या घरात कामाला लागते, मालकीण खाष्ट, आणि हिला ऊठसूट गाणं सुचतं. भांडी घासतानाचं तिचं एक गाणं आहे. साबणाच्या फेसाला ती विचारते, फेसा रे फेसा, तू माझ्याच समुद्राचा का? हे गाणं भाऊजींच्या इतकं अंगात भिनलं की पाण्याचा नळ सोडला की ते आपोआप सुरू होत. आमच्याकडचं जेवण झालं की शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचे, सगळ्यांची ताटं गोळा करायचे आणि सिंकपाशी उभे राहून मोठ्यानं गायचे. मी सुरुवातीला संकोचानं म्हणाले, "अहो भाऊजी, राहू दे, मशीन आहे." तर म्हणाले, "मशीनला गाता येतं का?" प्रयोगशाळेतही चंबू धुताना हेच. त्यांचे जर्मन सहकारी आधी दचकले, मग सवयीनं गप्प झाले, आणि आता त्यातले दोघे-तिघे म्हणे धृपदाला साथ देतात.

त्या सिनेमात एक जागा आहे. सुपाचं मोठं भांडं मालकिणीच्या मांजरानं फोडलेलं असतं आणि आळ हिच्यावर येतो. ती जागा जवळ आली की भाऊजी उठायचे आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून स्वयंपाकघरात जायचे. येताना डोळे लाल. ह्यांनी एकदा थट्टेनं विचारलं, "अरे, पुढं काय होतं ते तुला पाठ आहे, मग रडतोस कशाला?" भाऊजी म्हणाले, "मला पाठ आहे रे दादा, तिला कुठं पाठ आहे?"

लग्नाची स्थळं येत होती, नाही असं नाही. पुण्याहून आत्या, म्हणजे त्यांच्या आई, धडाधड फोटो पाठवायच्या. पण व्हिडिओ कॉलवर मुलगी समोर आली की भाऊजी हवापाण्याचं बोलायच्या आधी विचारायचे, "तुमच्याकडे जेवण झाल्यावर ताटं कोण उचलतं?" एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या मुलीनं सरळ सांगितलं, "आमच्याकडे बाई आहे ना." भाऊजींनी पुढचा प्रश्न केला, "त्यांचं नाव काय?" तिला पटकन आठवलं नाही, आणि ते स्थळ तिथंच आटोपलं. असं होता होता नातेवाइकांत एवढंच पसरलं की तो तिकडे कुठल्याशा मोलकरणीच्या नादी लागलाय. आत्यांचा मला रडत फोन. "अगं, खरं सांग, कोण आहे ही बया?" मी म्हटलं, "अहो आत्या, ती सिनेमातली आहे, ब्लॅक अँड व्हाइटमधली." मग आत्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे नक्की काळी की गोरी?"

आणि एके दिवशी भाऊजींना खोकला झाला. औषध घ्यायला ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले, तर आतली बाई पाठमोरी उभी राहून फळीवर खोकी लावत होती आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणत होती. फेसा रे फेसा! शब्द नव्हते, नुसती चाल. भाऊजींचा खोकलाच थांबला. त्यांनी काउंटरवरूनच पुढची ओळ शब्दांसकट म्हटली. ती गर्रकन वळली. हिचं नाव मार्ता. आईवडील तरुणपणी स्पेनहून इकडे कामाला आलेले, ही जन्मली वाढली इथंच. ती चाल तिनं आईच्या तोंडून ऐकलेली. भांडी घासताना आई कायम गुणगुणते, पण ते कशातलं गाणं आहे हे मार्ताला ठाऊकच नव्हतं. भाऊजींनी तिला कमरेत वाकून नमस्कार केला आणि सिनेमात शिकलेलं स्पॅनिश आयुष्यात पहिल्यांदा जिवंत माणसासमोर वापरलं. म्हणाले, "एनकांतादा." म्हणजे, आपल्याला भेटून आनंद झाला. मार्ता इतकी हसली, इतकी हसली, की मागं रांगेत उभ्या असलेल्या आजीबाई "हालो? हालो?" करायला लागल्या.

ती का हसली हे मला कळलं ते ती आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा. भाऊजी आणि हे बाहेर प्लेयरशी झटापट करत होते, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मार्ता दार लोटून मला म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का, तो स्पॅनिश बोलतो ते बाईचं बोलतो? पुरुष असेल तर शेवटी 'दो' म्हणायचं, एनकांतादो. 'दा' म्हणते ती बाई. आणि तीही साधी बाई नाही. जुन्या काळची मोलकरीण मालकिणीशी बोलायची, तसं बोलतो तो. आज्ञा बाईसाहेब, आले बाईसाहेब." म्हणजे एखादा जर्मन प्रोफेसर मराठी शिकून यावा आणि कोट-टाय लावून आपल्याला म्हणावा, "बाईसाहेब, मी आले हो, भांडी कुठं हायत?" मला हसू आवरेना.

हसता हसता मला माझंच आठवलं. मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे बायकाही "मी येतो, मी जातो, मी जेवलो" असंच म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. लग्न होऊन पुण्यात आले आणि पहिल्याच हळदीकुंकवाला निघताना "बरं, येतो हं" म्हणाले, तर अख्ख्या दिवाणखान्याला ठसका लागला. मग सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमानं हं, मला "येते" करून टाकलं. त्यात आमचे हे सगळ्यांत पुढं. आता मी चुकत नाही. पण वाईट वाटायचं ते वाटलंच होतं.

मार्ताला मी विचारलं, "तू त्यांना सांगत का नाहीस?" ती म्हणाली, "मला ते आवडतं. आणि सांगितलं तर तो बोलायचाच थांबेल. पण आता लग्नाचं ठरतंय, तर सांगावं लागणार, आईमुळं." तिची आई श्पायरला राहायची. इथून एस-बानला, म्हणजे लोकल गाडीला, बसलं की फार लांब नाही. वडील गेलेले, मार्ता एकुलती एक. ही बाई तरुणपणी इकडे आली ती एका डॉक्टरांच्या घरी मोलकरीण म्हणून, आणि त्या दिवसांबद्दल तिनं पोटच्या मुलीलाही कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. कुणी विषय काढलेला खपायचा नाही. मार्ताचा एक जुना मित्र एकदा जेवायला गेला आणि कौतुकानं म्हणून गेला, "काय लखलखीत घर ठेवलंय, सरावाचा हात आहे हो!" त्याला जेवणानंतर कॉफीसुद्धा मिळाली नाही, आणि तो परत कधी त्या घरात आला नाही. "आता हा जाऊन तिच्यासमोर मोलकरणीचं बोलणार," मार्ता म्हणाली. "तिला वाटेल, हा आपली नक्कल करतोय. आईचं मन मोडून मी लग्न करणार नाही. आणि याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी करायची मला इच्छा नाही." बोलता बोलता तिचे डोळे भरले. मी तिच्या हातात डाळीची पळी दिली आणि म्हटलं, "ढवळ, लागेल खाली. मी बघते."

भाऊजींना मीच सांगितलं. ते सोफ्यावर बसले. म्हणाले, "म्हणजे वहिनी, इतकी वर्षं मी 'आले, गेले' करत होतो?" मी म्हटलं, "होता. आणि गोड करत होता. पण तिथं चालायचं नाही." मग आम्ही तालीम सुरू केली. मी म्हणायचं 'दो', त्यांनी म्हणायचं 'दो'. समोर भिंत असली की 'दो' यायचं, समोर माणूस आला की 'दा'. जर्मन बोलावं म्हटलं तर म्हातारीचा दंडक, माझ्या घरात जर्मन नको. शेवटी असं ठरलं की भाऊजींनी तोंडच उघडायचं नाही. बोलायचं ते मार्ता बोलेल. "तुम्ही फक्त हसायचं," मी बजावलं. "आणि मान हलवायची. कळलं?" त्यांनी तिथल्या तिथं हसून मान हलवून दाखवली. ते बघून ह्यांनाच घाम फुटला.

वराकडची वडीलधारी म्हणून आम्ही दोघंही गेलो. मी बेसनाचे लाडू घेतले होते. वरच्या मजल्यावरचं छोटंसं घर. बेल वाजवली, दार उघडलं, आणि समोर एवढीशी, काळा स्वेटर घातलेली, पांढऱ्या केसांची म्हातारी. तिनं भाऊजींना आपादमस्तक न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं. भाऊजी हसले. तिनं पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. भाऊजींनी आणखी हसून मान हलवली. म्हातारी मुलीकडे वळून जे बोलली त्याचं भाषांतर मार्तानं केलं नाही, पण हे माझ्या कानात कुजबुजले, "मुका आहे का, असं विचारतेय बहुतेक." आणि तेवढ्यात भाऊजींचा धीर सुटला. दार, मालकीण, उंबऱ्यावर आपण. सिनेमात जहाजातून उतरून ती पोरगी पहिल्यांदा मोठ्या घराच्या दारात उभी राहते, अगदी तीच जागा! त्यांनी टाचा जुळवल्या, मान खाली घातली, आणि त्या पोरीच्याच सुरात स्वच्छ म्हणाले, "आज्ञा, सेन्योरा. एनकांतादा."

मी डोळेच मिटून घेतले. मनात म्हटलं, संपलं सगळं.

काहीच ऐकू येईना म्हणून एक डोळा उघडला. म्हातारी दाराची कडी धरून तशीच उभी होती. मग तिनं एकच शब्द उच्चारला. मार्ता म्हणाली, "पुन्हा म्हण म्हणतेय." भाऊजी म्हणाले, "सेन्योरा." म्हणजे बाईसाहेब. म्हातारीनं मान डोलावली, वळली, आत गेली आणि टेबलाच्या मुख्य खुर्चीवर जाऊन बसली. मार्ता मला नंतर म्हणाली, जेवण वाढायचं बाकी असताना आई बसलेली मी जन्मात बघितली नव्हती. मार्ता सवयीनं उठायला गेली, तर आईनं तिला हातानंच बसवलं आणि बोटानं भाऊजींना सुपाचं भांडं दाखवलं. भाऊजींनी वाढलं. तिनं चव घेतली, मीठ मागितलं, भाऊजींनी दिलं. पाणी मागितलं, दिलं. रुमाल पडला, उचलला. प्रत्येक वेळी "हो, सेन्योरा." बाई अशा रुबाबात बसली होती की विचारू नका! जन्मभर तो शब्द ती दुसऱ्यांना म्हणत आली होती. तिला तो कुणीच म्हटला नव्हता.

जेवण संपलं आणि शेवटचा घास तोंडात असतानाच भाऊजी उठले. मी खाली वाकून त्यांचा कोट ओढला, पण ताटं गोळा झाली होती. नळ सुटला, आणि अर्थातच गाणं सुटलं. फेसा रे फेसा, तू माझ्याच समुद्राचा का? म्हातारीनं चमचा खाली ठेवला. मग सिंककडे पाठ करूनच ती बोलायला लागली, आणि मार्ता आम्हाला दबक्या आवाजात जर्मनमधून सांगत गेली. गावाच्या चौकात चादर बांधून हा सिनेमा दाखवला होता. तो बघूनच हिनं परदेशी जायचं ठरवलं. हिला वाटलं, तिकडे भांडी घासताना गाता येतं. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी मालकीण म्हणाली, आमच्या स्वयंपाकघरात आवाज चालत नाही. तेव्हापासून ती तोंड मिटून म्हणत आली. "मला वाटायचं आईला शब्द येत नाहीत," मार्ता म्हणाली.

शब्द येत होते. म्हातारीनं खुर्चीत बसल्या बसल्या तोंड उघडलं आणि दुसरं कडवं उचललं. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठं, पण अख्खं, मोठ्यानं, खिडक्या उघड्या असताना. भाऊजी साबणाच्या हातांनी तसेच उभे राहून साथ देत होते. मी रडले. हे खिडकीबाहेर बघायला लागले, म्हणजे तेही रडत होते.

गाणं संपल्यावर मार्ताला धीर आला. ती भाऊजींना म्हणाली, "आता एक सांगते. दो म्हणायचं. एनकांता-दो." म्हातारीनं टेबलावर थाप मारली. तिनं सांगितलं की याचं बाकीचं बोलणं मी सुधारीन, फार जुनाट आहे; पण तो 'दा' तेवढा राहू दे, तो असाच आला पाहिजे माझ्या घरात. आणि मग ती आपल्या हातानं सगळ्यांसाठी कॉफी करायला उठली.

लग्न झालं. आत्या आल्या, सुनेला नीट न्याहाळून मला म्हणाल्या, "रंगीत आहे गं!" म्हातारीचा टीव्ही आमच्याहून जुना निघाला, त्याला पिन बरोबर बसली, म्हणून प्लेयरही श्पायरला गेला. तबकडी अजून आतच आहे. तिकडे आता दर रविवारी दुपारी आवाज पूर्ण सोडून सिनेमा लागतो. खालच्या मजल्यावरचे शेजारी रुहेसाइटची, म्हणजे शांततेच्या वेळेची, आठवण करून द्यायला एकदा वर आले, तर सासूबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि बसवूनच ठेवलं. सुपाच्या भांड्याची जागा आली की जावई आणि सासू दोघंही पाणी प्यायला आत जातात. आमच्याकडे टीव्हीखाली प्लेयरच्या मापाची जागा मोकळी आहे. तिथं मी कुंडी ठेवून बघितली, शोभेना. रविवारची भांडी आता मशीन घासतं, गप्प राहून.

परवा तिकडे जेवायला गेलो होतो. निघताना म्हातारी दारापर्यंत आली, माझा हात धरला, काहीतरी बोलली. मला स्पॅनिश येत नाही, तिला मराठी येत नाही, जर्मनला बंदी. मी वाकून नमस्कार केला, आणि इतक्या वर्षांनी, कुठून कोण जाणे, माझ्या तोंडून आलं, "बरं आई, येतो हं."

ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं. "अगं, येते—"

"दादा," भाऊजी मागून म्हणाले, "तेवढं राहू दे वहिनींचं."

ह्यांनी तोंड मिटलं. म्हातारी दारातून हात हलवत होती. मग हे पुढं चालायला लागले, आणि मी त्यांच्या मागनं, डोळे पुसत पुसत, स्टेशनपर्यंत गेलो.